सिरीयल बघून लेकरं बिघडतात का? दाजींना काय सांगू?

मांजराकाठ

राम राम मंडळी. प्रश्न घरचा आहे पण इथं विचारायलोय कारण गावात विचारलं की संध्याकाळपर्यंत पारावर जातो.

मी अंबाजोगाईला असतो. भाची आमच्याकडं शिकायला आहे, यंदा दहावी. बहीण आणि दाजी दसरा झाला की साखर कारखान्याला ऊसतोडीला जातात, नवराबायकोची जोडी म्हणजे कोयता आहे त्यांचा, म्हणून पोरगी लहानपणापासून आमच्याकडंच. हुशार आहे, गणितात तर माझ्या पोराला शिकवते. झालं असं की परवा दाजी आले होते आणि ती मोबाईल बघत बसलेली, मोबाईल म्हणजे माझ्या बायकोचाच जुना, कोरोनात ऑनलाईन शाळेसाठी दिला तो तिच्याकडंच राहिला, स्क्रीनला वरून खालपर्यंत तडा गेलाय. त्यात कोरियन सिरीयल चालू, ट्रू ब्युटी का काय, हिंदीत डब केलेली, शाळेतली पोरं पोरी, आणि दाजी नेमके वाकून बघतात तर पोरगी पोराच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेली. झालं! मोबाईल काढून घेतला, बहिणीवर ओरडले, जेवले पण नाहीत. आता म्हणायलेत की हे असलं बघून पोरगी हातची जाईल, दहावी झाली की उरकून टाकू, एक स्थळ पण आलंय म्हणे केज तालुक्यातलं.

मला ते लग्नाचं बिलकुल पटत नाही. पण समोर बोलायला गेलो की ते म्हणतात मग सांग, सिरीयलचा परिणाम होत नाही का? आणि इथं माझी गाडी अडकते, कारण होतो की राव. तिनं कोरियन पोरींसारखे कपाळावर केस कापून घेतले, चेहऱ्याला काय काय लावते, मैत्रिणीशी बोलताना मधेच कोरियन शब्द टाकते. मग दाजींना "काही होत नाही" असं कोणत्या तोंडानं सांगू? कुणी मास्तर, डॉक्टर, पालक असेल तर सांगा, खरंच ह्या टीनेजवाल्या सिरीयलींनी पोरं बिघडतात का, आणि किती.

उस्मानाबादी_शेळी

दाजी बरोबर आहेत. सरळ सांगतो, राग आला तरी चालेल. आमच्या टायमाला दूरदर्शन होतं, सगळं घर एकत्र बघायचं, बाप समोर बसलेला असायचा त्यामुळं बघण्यासारखंच दाखवायचे. आता एकेकाच्या हातात एकेक टीव्ही. शाळेच्या सिरीयलमध्ये शाळा कुठं असते? फळा दिसत नाही, परीक्षा दिसत नाही, नुसती कॅन्टीन आणि गॅदरिंग. कुणाचा बाप शेतात गेलेला दाखवला का कधी? पोरांना वाटतं आयुष्य असंच असतंय. आमच्या गल्लीत बारावीच्या पोरानं बड्डेला तलवारीनं केक कापला, स्टेटस ठेवला, पोलिसांनी उचलून नेलं, बाप बिचारा दोन दिवस ठाण्याच्या पायऱ्यांवर. कुठून शिकला हे? लग्नाचं बघा तुमचं तुम्ही, पण मोबाईल काढून घेतला ते उत्तम केलं.

ट्युशनएरिया

शेळी काका, तलवारीचा केक कोणत्या शाळेच्या सिरीयलमध्ये दाखवला ते सांगा की एकदा 😄 ते सगळं रील्समधलं आहे, गल्लीतल्या भाईंचं बघून. सिरीयलवर कशाला.

मी लातूरला आहे, नीट रिपीटर, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा परत देतोय, उद्योग भवनाच्या पाठीमागं रूम करून राहायलोय. मूळ देगलूरकडचा. आमच्याकडं सिरीयलचा परिणाम बघायचाच असेल तर कोटा फॅक्टरी घ्या, कोटा शहरातल्या कोचिंग क्लासच्या पोरांची सिरीयल. २०१९ ला आली, यूट्यूबवर फुकट होती, आमच्या वरच्या बॅचच्या पोरांनी ती बघूनच घरी सांगितलं की मला क्लासला जायचंय. सगळी ब्लॅक अँड व्हाईट आहे, कारण तिथलं आयुष्य तसंच, बिनरंगाचं. पण गंमत बघा, बनवणाऱ्यानं दाखवलं की हे सगळं किती जीवघेणं आहे, आणि बघणाऱ्या आमच्यासारख्यांना तेच लई भारी वाटलं. कटिंग चहा, मित्राची रूम, रात्री दोनला फिजिक्स, आणि एक जितू भैया, क्लासचा सर, जो तुमचं ऐकून घेतो. मी आलो तेव्हा मला खरंच वाटलं होतं की असा एखादा सर भेटणार. वर्गात माझ्या पुढं इतक्या रांगा होत्या की सर मला स्क्रीनवरच दिसायचे, लाईव्ह क्लासमध्ये पण स्क्रीनवर!! माईकचा आवाज स्पष्ट होता एवढंच.

पण दुसरी बाजू पण सांगतो. त्याच सिरीयलमुळं आमच्या रूमवर पहिल्यांदा कुणीतरी बोललं की मला झोप लागत नाही, रडू येतंय. आधी कुणी बोलत नव्हतं, मार्क कमी पडले की पोरगं नुसतं डबा परत पाठवायचं, मेसवाल्या काकूंना आधी कळायचं, आम्हाला नंतर. सिरीयलमधला वैभव आजारी पडतो, रडतो, म्हणून आपण पण रडलो तर चालतंय असं झालं. हे घरच्यांनी कधी सांगितलं नव्हतं. माझा बाप तर फोनवर एवढंच विचारतो, "किती पडले?"

तर मामा, परिणाम होतो हे मान्य करून टाका दाजींपुढं. मग त्यांना विचारा की चांगला पण होतो, तो का मोजायचा नाही.

सिडको_एन_सात

मी संभाजीनगरची, आता पुण्यात आयटीत आहे, चाळिशी पार. आमच्या वेळी पण हेच ऐकलंय हो सगळं, शब्द सुद्धा तेच, "हातची जाईल".

मी शाळेत असताना झी टीव्हीवर हिप हिप हुर्रे ही शाळेतल्या पोरांची सिरीयल लागायची, ९८ ला सुरू झाली. मग कॉलेजात स्टार वनवर रिमिक्स, जी मुळात अर्जेंटिनाच्या एका सिरीयलवरून उचललेली, म्हणजे बघा दाजी आज कोरियावर चिडलेत, आमचे वडील नकळत अर्जेंटिनावर चिडायचे. त्यात लोडशेडिंग! वेळापत्रक बदलायचं आणि नेमका आपल्या सिरीयलच्या टायमाला गेलेली असायची, मग दुसऱ्या दिवशी शहरातल्या ज्या भागात लाईट होती तिथली मैत्रीण अख्खा एपिसोड ॲक्शनसकट करून दाखवायची. मला अजून तिच्या तोंडचे डायलॉग आठवतात, ओरिजिनल आठवत नाहीत.

मी बिघडले का? केस कापले, हो. एक टाय पण घातला होता ड्रेसवर, त्याचा फोटो आईनं अजून जपून ठेवलाय धमकी द्यायला. पण खरं काय झालं ते सांगते. आमच्या कॉलेजात मुलीमुलांच्या रांगा वेगळ्या, बोललं की लफडं. मुलगा नुसता मित्र असू शकतो, त्याला नोट्स मागता येतात, त्याच्याशी भांडता येतं आणि मग परत बोलता येतं, हे मी प्रत्यक्षात कुठंच बघितलेलं नव्हतं. घरात नाही, शेजारी नाही, मामाकडं नाही. फक्त टीव्हीवर बघितलं. पहिल्या नोकरीत टीममध्ये मी एकटी मुलगी होते तेव्हा ते कामी आलं.

फालतूपणा पण भरपूर होता. दिल मिल गये आली तेव्हा अर्ध्या वर्गाला डॉक्टर व्हायचं होतं, त्या चकचकीत दवाखान्यात रोमान्स करायला. माझी एक मैत्रीण खरंच झाली डॉक्टर, इंटर्नशिपला घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात होती. तिला विचारलं काय गं, कॉरिडॉरमध्ये कुणी भेटला का, तर म्हणाली कॉरिडॉरमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली तर भेटेल ना.

मांजराकाठ दादा, भाचीनं केस कापले म्हणून घाबरू नका. केस वाढतात. दहावीनंतर लग्न झालं तर ते परत फिरवता येत नाही.

बाई_आठवी_ब

मी बीड जिल्ह्यात हायस्कूलला शिकवते, गाव सांगत नाही. सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं आपण चुकीच्या माणसांवर होणारा परिणाम मोजतोय. पोरांवर होतोच, पण सिरीयलचा सगळ्यात मोठा परिणाम मी बघते तो पालकांवर आणि आम्हा शिक्षकांवर.

एक सांगते. मागं एका मुलीच्या कंपासमध्ये चिठ्ठी सापडली. चिठ्ठी मुलानं लिहिलेली, इंग्रजीत दोन ओळी, कुठल्यातरी सिरीयलमधल्याच असणार, फॉरएव्हरचं स्पेलिंग चुकलेलं, खाली लाल पेननं बदाम. मुलीनं उत्तर सुद्धा दिलेलं नव्हतं, तिला बहुतेक माहीत पण नव्हतं कंपासमध्ये काय आहे. तरी ऑफिसमध्ये बोलावलं कुणाच्या वडिलांना? मुलीच्या. मुलाला उठाबशा काढायला लावल्या आणि वर्गात पाठवलं. मुलगी पुढच्या सोमवारपासून आली नाही. मी घरी गेले तर आजी म्हणाली, "बाई, आजकाल टीव्हीत काय काय दाखवायलेत, आपण आधीच सावध झालेलं बरं." त्या पोरीनं सिरीयल बघितली का नाही देव जाणे, आजीनं मात्र रोज बघितली.

आणि ऊसतोडीचं मी वेगळं काय सांगू, तुमच्या घरातच आहे. आईबाप सहा महिने बाहेर, पोरगी मोठी झाली, कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती खरी आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यात लग्न केलं की ऊस तोडायला नवराबायकोची जोडी तयार, मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे मिळतात. पैशाचं गणित आधीच मांडलेलं असतं, सिरीयल नंतर सापडते बोट दाखवायला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात साधारण २२ टक्के होत्या, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८. ह्या बायकांनी कोरियन सिरीयली बघितल्या होत्या का? ज्या घरात धड टीव्ही नव्हता तिथली पण लग्नं अशीच झालीत.

आता सिरीयलींचं खरं वाईट काय ते पण सांगते, नाहीतर शेळी भाऊ म्हणतील बाई एकतर्फी बोलायल्यात. हिरो. पोरगी नाही म्हणते, हा तिच्या मागं फिरतो, रस्ता अडवतो, हात धरतो, मागं गाणं वाजतं, आणि काही एपिसोडनी ती हो म्हणते. मराठी, हिंदी, कोरियन, सगळीकडं हाच प्रकार थोड्याफार फरकानं. आमच्या मुली मानव विकास ह्या सरकारी योजनेच्या निळ्या एसटीनं येतात, पास फुकट आहे म्हणून तर शाळा सुरू आहे त्यांची. त्या बसपुढं गाडी आडवी लावणारी पोरं असतात ना, त्यांना ते छेडछाड वाटतच नाही, त्यांना वाटतं आपण हिरो आहोत आणि हा आपला दुसरा एपिसोड आहे. पोलिसांचं दामिनी पथक येतं तेव्हा त्यांचा चेहरा बघावा, खरंच कळलेलं नसतं काय चुकलं. आणि मुलगी हे घरी सांगत नाही, कारण सांगितलं की शाळा बंद तिचीच.

म्हणून मोबाईल काढायचाच असेल तर आधी पोरांचा काढा.

उस्मानाबादी_शेळी

बाई, हे शेवटचं पटलं. आमच्याकडं पण बसस्टँडवर हाच धंदा आहे. पण मग तेच तर म्हणतोय ना मी, सिरीयलीच बंद करा.

गोदाकाठ_परभणी

बंद कोण करणार काका, आणि काय काय बंद करणार. केंद्राच्या २०२१ च्या नियमात ओटीटीवाल्यांना, म्हणजे नेटवर सिरीयली दाखवणाऱ्या कंपन्यांना, वयाचं लेबल लावायला सांगितलंय, ७+, १३+, १६+, आणि १३+ पासून पुढच्याला पालकांसाठी लॉक. आता प्रामाणिकपणे सांगा इथं कुणाच्या घरात ते लॉक लावलंय? आमच्याकडं टीव्हीचा पासवर्ड पोरगाच मला सांगतो. आणि टेलिग्रामवर सगळं फिरतंच, त्याला कसलं लेबल.

मी सायकॉलॉजीला होतो, आता वेगळंच काम करतो, पण हा विषय आवडीचा म्हणून लिहितो, लांबलं तर सोडून द्या.

टीव्हीनं माणसं बदलतात हे सरकारांना आपल्या आधीच कळलंय. मेक्सिकोत १९७५ ला प्रौढांनी वाचायला शिकावं म्हणून मुद्दाम सिरीयल काढली, वर्गात नाव घालणाऱ्यांची गर्दी झाली. तीच आयडिया घेऊन आपल्याकडं १९८४ ला हम लोग आली, शेवटी अशोक कुमार येऊन समजावून सांगायचे ते आठवत असेल जुन्या लोकांना. ब्राझीलमध्ये सिरीयलमधल्या बायकांना एकदोनच लेकरं असायची, तर जिथं जिथं त्या सिरीयली दाखवणारं चॅनल पोचलं तिथं खरोखर जन्म कमी झाले, असं संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडचा अभ्यास पण आहे, जेन्सन आणि ऑस्टर ह्या दोघांचा, २००९ चा. बिहार, हरियाणा, तमिळनाडू वगैरे पाच राज्यांतली खेडी घेतली, केबल आल्यावर काय बदललं ते बघितलं. नवऱ्यानं मारलं तर चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच पाहिजे हा हट्ट कमी झाला. आणि ह्या बायका बघत काय होत्या, तर आपण ज्यांना सासूसुनेच्या रडक्या म्हणतो त्याच सिरीयली! त्यात शिकवण कसली नव्हती, पण शहरातली बाई एकटी बाजारात जाते, पर्स स्वतःची असते, एवढं दिसलं तेवढं पुरलं.

वाईटाचं उदाहरण म्हणजे नेटफ्लिक्सची थर्टीन रीझन्स व्हाय ही अमेरिकन सिरीयल. २०१७ ला आली, शाळेतल्या मुलीच्या आत्महत्येवर. लगेच पुढच्या महिन्यात अमेरिकेत दहा ते सतरा वयाच्या मुलांमधल्या आत्महत्या वाढल्याचं एका अभ्यासात आलं, दुसऱ्यानं तेच आकडे परत तपासले तर म्हणाला असं ठामपणे म्हणता येत नाही. वाद मिटलेला नाही. पण नेटफ्लिक्सनं २०१९ ला ते आत्महत्येचं दृश्य कापलं, हे खरं. लातूरच्या भावासाठी पण लिहितो, झोप लागत नाही, रडू येतंय असं असेल तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. रूमच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि २०२५ ला अडोलसन्स म्हणून ब्रिटनची मालिका गाजली, खुनाच्या आरोपात पकडलेलं तेरा वर्षांचं पोरगं, चारच एपिसोड. तिथल्या सरकारनं ती शाळांमध्ये फुकट दाखवायला पाठिंबा दिला. मला त्यातला बाप लक्षात राहिला. पोरगं रात्री आपल्या खोलीत आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असं त्याला वाटत होतं.

मांजराकाठ, एक विचारतो. दाजी कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत असतात तेव्हा रात्री मोबाईलवर काय बघतात?

मांजराकाठ

😂 बरोबर जागी हात घातलात. साऊथचे डब पिक्चर. हिरो पोरीला मांडवातून उचलून नेतो आणि वीस गाड्या हवेत उडवतो. मी स्वतः शेजारी बसून बघितलेत त्यांच्याबरोबर, लई रंगात येतात. तरी त्यांनी कधी कुणाला मांडवातून उचललं नाही, बहिणीच्या लग्नात तर रुसून बसले होते घड्याळासाठी.

बाईंचं वाचून मात्र सुन्न झालो. उचलीचं मी लिहिलं नव्हतं पण तुम्ही ओळखलंत. मागच्या सीझनची फिटलेली नाही, आणि ते केजचं स्थळ मुकादमाच्याच नात्यातलं आहे. म्हणजे मी इथं सिरीयलवर भांडत बसलोय आणि विषय तिकडंच आहे.

काल भाचीजवळ बसलो. म्हणलं दाखव तरी काय आहे त्या ट्रू ब्युटीत. तर गोष्ट अशी की त्या पोरीला शाळेत तोंडावरून चिडवायचे म्हणून ती मेकअप शिकते. आमची म्हणाली, "मामा, मला पण काळी म्हणतात वर्गात." इतकी वर्षं आमच्या घरात आहे, मला माहीत नव्हतं हे. बायकोला माहीत होतं म्हणे.

दाजी रविवारी यायलेत. कायद्याचं नेमकं काय सांगू? भांडण करायचं नाहीय, बहिणीचा संसार आहे.

बाई_आठवी_ब

कायदा २००६ चा आहे, मुलीला अठरा पूर्ण पाहिजेत. लावून देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, त्यात आईबाप, भटजी, मध्यस्थ सगळे येतात, म्हणजे तो मुकादम पण, फक्त बायकांना कैद होत नाही, दंड होतो. गावात ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाईनवर फोन केला तर नाव सांगावं लागत नाही. पण हे सगळं शेवटी काढा. आधी तिचं सहामाहीचं गुणपत्रक दाजींच्या हातात द्या, त्यांना वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवा, गणिताचे मार्क दोनदा. आणि उचल किती राहिलीय ते बहिणीला बाजूला घेऊन विचारा. अकरावीसाठी वसतिगृह मिळतं, ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवान बाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहं काढलीत, तुमच्या भागातलं समाजकल्याणच्या ऑफिसला जाऊन विचारा. ऊसतोड कामगार असल्याचा दाखला मुकादमाकडं मागू नका, ग्रामसेवकाकडून घ्या.

ट्युशनएरिया

मामा, गणितात एवढी भारी असेल तर अकरावीला लातूरला पाठवा. मेसवाल्या काकूंना मी सांगून ठेवतो.

उस्मानाबादी_शेळी

रविवारी माणूस कमी पडला तर सांगा. मी येतो. वयानं मोठा आहे, माझं ऐकतील.